पाहुण्याने मांडलेली पंगत

अमेरिकेच्या दक्षिणेस अलाबामा राज्यात बेसमर नावाचे एक लहानसे औद्योगिक गाव आहे. पोलाद करण्याची नवी रीत शोधून काढणाऱ्या हेन्री बेसमर या इंग्रज संशोधकाचे नाव त्याला १८८७ साली, गाव वसवितानाच देण्यात आले. खाणी आणि भट्ट्या यांच्या या गावी १९०७ पासून एक उपाहारगृह चालू आहे. त्याचे नाव ‘द ब्राइट स्टार’, म्हणजे तेजस्वी तारा. अलाबामातील सर्वांत जुने उपाहारगृह असा त्याचा लौकिक आहे. ते काढले टॉम बोंडुरिस या ग्रीक माणसाने. ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनीस द्वीपकल्पात पेलेटा नावाचे डोंगरी खेडे आहे, तेथून तो आला. पुढे ते त्याच खेड्यातून आलेल्या कोइकोस कुटुंबाकडे गेले आणि २०१० साली अमेरिकेतील जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने देशाच्या अभिजात उपाहारगृहांत त्याची गणना केली.

आमचा धाकटा मुलगा शेजारच्या बर्मिंगहॅम शहरी नोकरीस आहे. त्याच्याकडे मुक्काम असताना एका रविवारी तो आम्हा उभयतांस तेथे घेऊन गेला. आम्ही शाकाहारी, तेव्हा भाज्यांची यादी समोर घेऊन बसलो. वाढणाऱ्या बाईंनी आपण होऊन सांगितले, की अमुक पालेभाजी घेऊ नका, तीत डुकराचे मांस घालून शिजविण्याची इकडे पद्धत आहे. मग आम्ही तळलेली भेंडी मागविली. परमुलुखात ताटात भेंडी आली की निम्मे परकेपण तेथेच सरते. ग्रीक माणसांनाही भेंडी घरचीच. ते तिला ‘बाम्येस’ म्हणतात. अमेरिकेत मात्र ती ग्रीसमधून गेली नाही. ती आफ्रिकेतून, गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर गेली. या भेंडीकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

यादीत ग्रीक म्हणावे असे फारच थोडे होते. ऑलिव्हचे तेल, लिंबू आणि ओरेगानो घातलेला मासा हा त्यांचा नावाजलेला पदार्थ. बाकी सारे दक्षिण अमेरिकन संस्थानांतले नेहमीचे जेवण. परतताना मुलाने सहज विचारले, “बाबा, शंभर वर्षे लोकांचेच पदार्थ लोकांना वाढायचे, मग याला ग्रीक माणसाचे हॉटेल का म्हणायचे?” प्रश्न मुलाचा असला, तरी तो आमच्या ओळखीचा होता. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहिलेल्या आपल्यासारख्या घरांत तो दर गणेशोत्सवात निघतोच. आपल्या पोह्यांवर शेव आणि जिरावण पडले, आपली आमटी गोडाची तिखट झाली, मुले घरात हिंदी बोलू लागली. मग आपले असे काय राहिले? या प्रश्नाचा विचार करता करता आम्ही एका दुसऱ्याच प्रश्नापाशी येऊन थांबलो. तोच येथे मांडावयाचा आहे.

प्रथम ही माणसे कोण होती ते पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीसची बरीचशी शेती काळ्या मनुकांच्या निर्यातीवर उभी होती. फ्रान्समधील द्राक्षमळे रोगाने बसले होते, तोवर या मनुकांना तेथे मोठी मागणी होती. ते मळे सावरले, फ्रान्सने आयातकर वाढविला, आणि भाव कोसळले. १८९३ साली ग्रीस सरकारने दिवाळे जाहीर केले. पुढच्या तीन दशकांत साडेतीन ते चार लक्ष ग्रीक अमेरिकेत उतरले. त्यांत बहुसंख्य तरुण पुरुष, तेही खेड्यांतले. स्वयंपाकघर हे आईचे राज्य मानणाऱ्या समाजातली ही मुले. पाककला शिकून कोणीच आले नव्हते. त्यांनी बूट पुसले, रेल्वेमार्गावर आणि खाणींत राबले, हातगाडीवर फळे व मिठाया विकल्या. हातगाडीचे दुकान झाले, दुकानाचे उपाहारगृह झाले. या धंद्यास पदवी लागत नाही, भाषा मोडकीतोडकी चालते, भांडवल थोडे पुरते, आणि गावाकडून आलेला भाऊ वा भाचा दुसऱ्या दिवसापासून कामास लागतो. ग्रीकांच्या रक्तात उपाहारगृह आहे असे पुढे लोक म्हणू लागले. त्या रक्ताचा उगम मुख्यतः या हिशेबात होता.

त्यांचे स्वागत कसे झाले? १९०९ च्या फेब्रुवारीत नेब्रास्कातील साउथ ओमाहा येथे एका ग्रीकाच्या हातून पोलीस शिपाई मारला गेला. त्यावरून जमावाने तेथील सारी ग्रीक वस्ती जाळली आणि शेकडो निरपराध माणसांना गाव सोडावयास लावले. कॅलिफोर्नियातील एका उपाहारगृहाने आपल्या जाहिरातीत आपण अस्सल अमेरिकन असल्याचे सांगून, आपल्याकडे उंदीरही नाहीत आणि ग्रीकही नाहीत, अशी ग्वाही दिली होती. १९२० नंतर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या संघटनेने ग्रीकांच्या दुकानांवर बहिष्कार घातले. १९२४ च्या कायद्याने तर ग्रीसमधून वर्षाला अवघे शंभर जण येऊ द्यावेत असे ठरविले.

अशा वातावरणात दारावर स्वतःचे नाव लावण्याचे धैर्य कोणास होणार? म्हणून ‘तेजस्वी तारा’सारखी, कोणाचीच नसलेली नावे आली. पदार्थांनीही वेष पालटला. डेट्रॉइटमध्ये ग्रीकांनी सॉसेज भरलेल्या पावावर मसालेदार खिमा घातला आणि त्यास न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावरील कोनी आयलंडचे नाव दिले. सिनसिनाटीत मॅसिडोनियातून आलेल्या किराद्जिएफ बंधूंनी १९२२ मध्ये, आणि कास्तोरियाहून आलेल्या निकोलस लॅम्ब्रिनिदेस यांनी १९४९ मध्ये, दालचिनीचा वास असलेला खिमा शेवयांसारख्या स्पॅगेटीवर घालून ‘चिली’ या अमेरिकन नावाने विकला. उलट १९६५ मध्ये स्थलांतराचा कायदा सैल झाला, ग्रीक असणे हे मिरविण्याजोगे ठरले, तेव्हा दुसरीच गंमत झाली. शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर ‘पार्थेनॉन’ नावाचे उपाहारगृह होते. २०१६ मध्ये ते बंद झाले. तेथे १९६८ पासून तळलेल्या चीजवर मद्य ओतून, ते पेटवून, आरोळी ठोकून वाढण्याची प्रथा पडली असे सांगतात. गिऱ्हाइकांना ही अस्सल ग्रीक रीत वाटली. ग्रीसमध्ये ते चीज मुकाट्याने तळून खातात. म्हणजे आजोबांनी ग्रीकपण लपवून पोट भरले आणि नातवांनी नसलेले ग्रीकपण दाखवून.

यात खरे कोण आणि खोटे कोण? या वादास त्यांच्याकडेही तोंड फुटले होते. १९२२ साली अटलांटा येथे ‘अहेपा’ ही संस्था निघाली. क्लॅनच्या उपद्रवास उत्तर म्हणून निघालेल्या या संस्थेने कामकाजाची भाषा इंग्रजी ठरविली. या देशाचे होऊन दाखवा, असा तिचा सूर होता. लगेच १९२३ साली ‘गापा’ ही दुसरी संस्था निघाली. भाषा आणि धर्म गेला तर उरले काय, असे तिचे म्हणणे. आपल्या मंडळांच्या सर्वसाधारण सभांना बसलेल्या वाचकांस हे दोन्ही आवाज निराळे सांगावयास नकोत.

आमचे मत विचाराल तर, या वादात दोन्ही पक्ष ताटाकडे पाहत होते. ताटात काय आहे, त्याचे नाव काय, मसाला कोणाचा, एवढ्यावर माणसाची निष्ठा ठरत असेल तर तिची किंमत फारच थोडी झाली. पदार्थ बदलणे यास आम्ही द्रोह मानत नाही. जो तुमच्या दारी भुकेला आला त्याच्या जिभेला रुचेल ते त्याला वाढणे, हे कोणत्याही संस्कृतीत यजमानाचे लक्षणच मानले आहे. ग्रीकांच्या बाबतीत तर यास फार जुना आधार आहे. त्यांच्या भाषेत ‘झेनोस’ हा एकच शब्द परक्यासाठीही आहे आणि पाहुण्यासाठीही. प्राचीन ग्रीकमध्ये तर आतिथ्याच्या नात्याने बांधलेल्या दोघांसही तो लावीत. देवाधिदेव झ्यूस हाच परक्यांचा कैवारी. होमरच्या ‘ओडिसी’त भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या राजास डुकरे राखणारा यूमेयस आपल्या झोपडीत घेतो. हा कोण, कोठला, हे तो त्यास आधी खाऊ घालून मग विचारतो. आधी अन्न, मग ओळख, हा त्या आतिथ्याचा क्रम. आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीस देव मानण्यास सांगितले, त्यातही आडनाव विचारून घेण्याची सोय ठेवलेली नाही.

तेव्हा ग्रीक माणूस आपल्या परंपरेस जागला की नाही हे पाहावयाचे, तर ताटाकडे नव्हे, दाराकडे पाहावयास हवे. दारातून कोणाला आत घेतले, आणि कोणाला नाही?

येथे बेसमरचा परिसर आठवावा लागतो. शेजारच्या बर्मिंगहॅमच्या नगरसंहितेत उपाहारगृहांविषयी एक कलम होते. गोऱ्या व काळ्या लोकांना एकाच दालनात वाढणे हा गुन्हा होता. वाढावयाचेच असेल तर मध्ये जमिनीपासून निदान सात फूट उंचीची भरीव भिंत हवी, आणि रस्त्यावरून दोघांना स्वतंत्र प्रवेशद्वारे हवीत. आम्ही सरकारी नोकरीत अडतीस वर्षे नियम वाचण्यात घालविली, पण अन्यायाची उंची फुटांत मोजून देणारा नियम क्वचितच वाचला असेल. दक्षिणेत धंदा मांडलेल्या प्रत्येक ग्रीकास अशा कायद्यांच्या छायेत वागावे लागले. काल ज्यास उंदरांच्या पंक्तीस बसविले होते, त्याने आज दुसऱ्यास दाराबाहेर ठेवावयाचे, या अटीवर त्यास गोऱ्यांच्या पंक्तीत जागा मिळत होती.

आणि आता ती भेंडी. भेंडी, पालेभाज्या, मक्याची भाकरी, हे दक्षिणेचे जे जेवण ग्रीकांनी आपलेसे केले, ते घडले होते मुख्यतः काळ्या स्वयंपाकिणींच्या आणि आचाऱ्यांच्या हातून. ही स्थिती ग्रीकांपुरतीच होती असे नाही. बर्मिंगहॅममध्येच ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचे एक उपाहारगृह होते. त्याचा मालक ग्रीक नव्हता. १९६४ च्या जुलैमध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि उपाहारगृहांत वर्णभेद करण्यास बंदी आली. त्याविरुद्ध हा मालक न्यायालयात गेला. त्याच्याकडे छत्तीस नोकर होते, त्यांपैकी दोन तृतीयांश काळे. काळ्या गिऱ्हाइकाने पदार्थ बांधून न्यावा, आत बसून खाऊ नये, अशी तेथील रीत. ज्यांच्या हातचे खायचे त्यांच्याशेजारी बसायचे नाही. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या मालकाविरुद्ध निकाल दिला.

कोणी म्हणेल, हा धंदा आहे, आतिथ्य नव्हे. पैसे घेऊन वाढणाऱ्यावर यजमानाचे कर्तव्य कसे लादता? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. घरी कोणास बोलवावे हे आपल्या इच्छेवर आहे. ज्याने रस्त्यावर दार उघडून पाटी लावली, त्याने ‘या’ असे सर्वांना म्हटलेच आहे. इंग्लंडच्या जुन्या परिपाठातही, जागा असताना आणि पैसे देण्याची तयारी असताना, वाटसरूस नाकारण्याची मुभा सरायवाल्यास नव्हती. पैशाने आतिथ्याचा गोडवा कमी होत असेल. बंधन कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कायदा असा, समाज असा, क्लॅनचे लोक दाराशी उभे. त्या गरीब ग्रीकाने काय करावयास हवे होते? दुकान जाळून घ्यावयास हवे होते काय? या आक्षेपास आमच्याकडे चटकन उत्तर नाही. दूर बसून दुसऱ्याकडून शौर्याची अपेक्षा करणे सोपे असते. एवढेच सांगता येते, की त्यांच्यातल्याच एकाने निराळा मार्ग धरला. इम्ब्रोस बेटावर, तुर्की अमलात, अल्पसंख्याक म्हणून वाढलेले आर्चबिशप याकोवोस १९५९ पासून अमेरिकेतील ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख होते. १९६५ च्या मार्चमध्ये ते अलाबामातीलच सेल्मा येथे मार्टिन लूथर किंग यांच्या शेजारी उभे राहिले. ‘लाइफ’ नियतकालिकाच्या २६ मार्चच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ते छायाचित्र आले. त्यांना धमक्या आल्या; स्वतःच्या समाजातूनही बोल ऐकावे लागले. आपला समाज मोठ्या कष्टाने आत शिरला आहे, आता कशाला दार हलविता, असा त्या बोलांचा आशय असणार.

येथवर लिहून थांबावे, असे मनात होते. परंतु दुसऱ्यांच्या दाराविषयी इतके लिहिल्यावर एका दाराची गोष्ट सांगितल्यावाचून लेखणी खाली ठेवणे बरे नव्हे.

आमचे घराणे धारचे. पूर्वज पवारांच्या पदरी कारकून म्हणून आले. आपण येथे राज्याबरोबर आलो. ग्रीकांसारखे रिकाम्या हाताने नव्हे. पण आपल्यांतही तसे येणारे होतेच. १९७८ साली महाविद्यालयात शिकावयास आम्ही इंदुरास आलो, तेव्हा ज्या खानावळीत जेवत असू ती चालविणाऱ्या काकू कोकणातल्या. वैधव्य आल्यावर दोन मुले घेऊन, ओळखीच्या एका चिठ्ठीवर त्या या शहरी उतरल्या आणि पोळपाट-लाटण्यावर त्यांनी संसार उभा केला. माळव्याच्या मुलांसाठी त्या आमटीत तिखट वाढवीत, रविवारी दाल-बाटी करीत. त्यांच्या कष्टांविषयी आमच्या मनात आजही आदर आहे.

आमच्या वर्गात महाराष्ट्रातून आलेला एक मुलगा होता. आमच्याहून चांगली मराठी बोलणारा, कविता पाठ असलेला. त्याची जेवणाची आबाळ पाहून आम्हीच त्यास खानावळीत घेऊन गेलो. काकूंनी त्याचे नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग गाव विचारले. क्षणभर थांबून म्हणाल्या, “जागा भरली रे बाबा, पुढल्या महिन्यात बघू.” समोरच्या बाकावर दोन जागा रिकाम्या होत्या. त्याने त्या पाहिल्या, आम्हीही पाहिल्या. तो म्हणाला, “तू जेव, मी बघतो कुठेतरी.” आम्ही जेवलो. पुढला महिना आला आणि गेला. आम्ही विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही.

आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत जातीवरून कोणास मज्जाव करता येणार नाही, असे १९५० सालीच सांगितले होते. अमेरिकेने १९६४ मध्ये जे केले ते आपल्याकडे चौदा वर्षे आधी कागदावर होते. पुढे सेवेत असताना त्याविषयीच्या परिपत्रकांवर आम्ही सह्या केल्या. सही करताना दर वेळी तो बाक डोळ्यांसमोर येई.

अनेक वर्षांनी, काकू थकल्या असताना, आम्ही त्यांना भेटावयास गेलो आणि धीर करून तो प्रसंग काढला. त्यांना तो आठवत होता. त्या म्हणाल्या, “मला त्याचं काही नव्हतं रे. पण तुम्ही बाकीचे उठून गेला असतात तर मी पोरांना काय घातलं असतं?”

या उत्तराने आमचा सारा विचार फिरला. तोवर आम्ही दार लावणाऱ्याचा विचार करीत होतो. काकूंना ज्याचे भय होते ते आम्ही होतो; आत बसून जेवणारे. बेसमर-बर्मिंगहॅमच्या ग्रीकासही भय होते ते आत बसलेल्या गिऱ्हाइकांचेच. नवागत यजमान गरजू असतो, तो बसलेल्यांच्या तोंडाकडे पाहून दार उघडतो वा लावतो. काकूंना आम्ही दोषमुक्त करीत नाही; पण त्या दिवशी एका मुलाने जरी म्हटले असते, की काकू, याला बसू द्या, आम्ही कोठे जात नाही, तर त्यांचे काम सोपे झाले असते. ते म्हणण्यास काही लागत नव्हते. ना पैसा, ना शौर्य. ते वाक्य आमच्यापाशी होते आणि आम्ही ते आमटीबरोबर गिळले.

त्या रविवारी ‘ब्राइट स्टार’मध्ये आमच्या शेजारच्या मेजावर एक काळे कुटुंब बसले होते. बहुधा आजीचा वाढदिवस असावा. नातवंडे गलका करीत होती, आणि आजीबाईंच्या पुढ्यात तीच तळलेली भेंडी होती. त्यांच्या तरुणपणी त्या परिसरात असे बसता येत नव्हते, हे त्यांच्या वयावरून कळत होते. आमची सौभाग्यवती त्यांच्याकडे पाहून हसली, त्याही हसल्या. त्यापलीकडे काही घडले नाही.

आपण आता या गावांत पाहुणे राहिलेलो नाही. दीडदोनशे वर्षे बसलेली माणसे आपण. नवी कुटुंबे येतात, ती आपल्या तोंडाकडे पाहतात. यंदाही मंडळाच्या महाप्रसादास पुरणपोळी करावी की श्रीखंड, यावर कार्यकारिणीत दीड तास चर्चा झाली. आम्हीही तीत हिरीरीने भाग घेतला. पंक्तीला कोण येत नाही आणि का येत नाही, हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. पुढील सभेसाठी तो लेखी दिला आहे.